पती आणि आजोबा लिहून झाले, वडिलांचं काय?

एका वाचक ताईंचं पत्र. वय ५३, राहायला डोंबिवलीला. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या विनंतीवरून गाळले आहेत. पत्राचा सारांश त्यांच्याच शब्दांत :

'माझे बाबा गेल्या वर्षी गेले, ८४ वर्षांचे होऊन. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी नातेवाइकांना द्यायला सोळा पानांची स्मरणिका काढायचं भावाने ठरवलंय आणि लिहिण्याचं काम माझ्यावर आलंय. बाबा मूळचे कणकवलीकडचे, लालबागच्या गिरणीत विणाई खात्यात होते. आम्ही आईबरोबर गावाला. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे. ८२च्या संपात गिरणी सुटली तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा गावी येऊन राहिले आणि घर बदललं. चिडायचे, भांडी आपटायचे, हात उचलायचे. पुढे वॉचमनची नोकरी मिळाली आणि आम्ही सगळे भांडुपच्या एका खोलीत आलो. दहावीला मला चांगले मार्क होते. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरू दिला नाही. मला पॅकिंगच्या कारखान्यात लावलं, भावाला मात्र शिकवलं. मी बीए झाले ते लग्नानंतर, मुक्त विद्यापीठातून.

बाबांच्या शेवटच्या नऊ वर्षांत आई अर्धांगवायूने अंथरुणावर. बाबांनी तिचं सगळं केलं. आंघोळ, वेणी, पेज भरवणं. आम्ही बाई ठेवू म्हटलं तर ऐकायचे नाहीत. नातवंडांवर तर जीव. माझी मुलगी लहान असताना तिला शाळेत सोडायला-आणायला तेच. ती कॉलेजात गेली तेव्हा पहिल्या वर्षाची फी त्यांनी स्वतःच्या साठवणीतून भरली. "शीक, थांबू नको" म्हणाले. तिने आता आजोबांवर एक पान लिहून दिलंय. ते वाचून मी रडले आणि मग इतका राग आला की कागद बाजूला ठेवावा लागला. भाऊ म्हणतो, "आदर्श पती, प्रेमळ आजोबा" असं शीर्षक देऊ. आई म्हणते, "माज्या घोवाबद्दल वायट काय लिवू नको." खरं लिहिलं तर बाबांची बेअब्रू, नाही लिहिलं तर माझ्या हाताने खोटं. खरे बाबा कोणते, हे ठरल्याशिवाय मला पहिली ओळ सुचत नाही.'

ताई,

भावाने सुचवलेलं शीर्षक पुन्हा एकदा वाचा. त्यात पती आहेत, आजोबा आहेत. वडील नाहीत. त्याने हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, पण त्याचाही हात तिथे थबकला असावा. मुलगा वडिलांची स्मरणिका काढतो आणि त्यांचं वडीलपणच लिहायचं राहून जातं, हे सहज घडत नाही. तेव्हा या घरात एकटी मीच अडले आहे, असं समजू नका.

'खरे बाबा कोणते' हे ठरवायला तुम्ही बसला आहात. ते ठरणार नाही आणि ठरायची गरजही नाही. हात उचलणारा बेचाळीस वर्षांचा माणूस खरा होता. पंचाहत्तरीला बायकोची वेणी घालायला शिकलेला माणूसही खरा होता. एकाला खरं मानायचं तर दुसऱ्याला सोंग म्हणावं लागेल, आणि नऊ वर्षं कुणी सोंग करून रोज आंघोळ घालत नाही. तसंच तुमच्या गालावर उमटलेली बोटंही सोंग नव्हती. तुमच्या मुलीला जे आजोबा मिळाले ते तिचे आहेत. तुम्हाला जे वडील मिळाले ते तुमचे. तिचं पान वाचून आलेलं रडू आणि मागोमाग आलेला राग, दोन्ही मला अगदी रास्त वाटतात. तिला जे मिळालं ते पाहून आनंद होतो आणि ते आपल्याला मिळालं नाही हेही त्याच क्षणी टोचतं. यात मुलीचा हेवा नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता संपाबद्दल थोडं बोलू, कारण तुमच्या पत्रात तो एका वाक्यात येऊन गेलाय. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगार आणि बोनस हे प्रश्न होतेच. शिवाय १९४६च्या कायद्याने ज्या एकाच संघटनेला मालकांशी बोलणी करायचा अधिकार होता, ती आपली नाही असं बहुतेकांना वाटत होतं. हा संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. 'उद्या मिटेल, गणपतीपर्यंत मिटेल' करत माणसं गावाकडे थांबली आणि हजारो जणांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. तुमच्या बाबांना असा एकही दिवस मिळाला नसेल, ज्या दिवशी ते आईला म्हणू शकले असते, की संपलं, आता दुसरं काही बघतो. त्यात घराचीही गोष्ट आहे. तोवर ते तुमच्या घरात वर्षातून दोनदा येणारे पाहुणे होते, हातात खाऊचा पुडा घेऊन येणारे. गावचं घर तुमच्या आईने चालवलेलं होतं. त्या घरात बिनकामाचा, बिनपगाराचा पुरुष म्हणून रोज सकाळी उठणं त्यांना कसं झालं असेल याचा विचार तुम्ही आज करू शकता. दहा वर्षांच्या मुलीने तो करायचा नव्हता.

पण कारण कळणं वेगळं आणि झालं ते विसरणं वेगळं. संपात होरपळलेल्या सगळ्याच बापांनी मुलांवर हात उचलला नाही. आणि भावाने शिकायचं, तुम्ही कारखान्यात जायचं, हा निर्णय संपाने घेतला नव्हता. तो तुमच्या बाबांनी घेतला, आणि त्या काळी कित्येक घरांत मुलगी म्हणून तो असाच घेतला जायचा. गिरणी बंद पडल्याचं दुःख लिहिताना त्याच्या आड हा निर्णय लपवू नका, एवढं माझं मत मी स्पष्ट सांगते.

दुसऱ्या बाजूनेही कुणी तुम्हाला समजवायला येईल. म्हणतील, नातीची फी भरून त्यांनी तुमचं देणं फेडलं की, आता सोडून दे. मी तसं म्हणणार नाही. फेडलं असेलही. नातीकडे बघताना त्यांना परकर-पोलक्यातली तुम्ही दिसत असाल, किंवा नुसतीच नात दिसत असेल. ते तुमच्याशी बोलले नाहीत, आणि जे ते बोलले नाहीत ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये. फी भरली ही घडलेली गोष्ट आहे, ती लिहा. तिचा अर्थ लावायची सक्ती तुमच्यावर नाही.

इथूनच तुमचा लिहिण्याचा प्रश्न थोडा सुटेल असं वाटतं. पुण्यस्मरणाच्या जाहिराती आपण सगळेच वाचतो. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. या विशेषणांमध्ये कुठल्याही गावचा कुठलाही माणूस बसतो. खरं की खोटं हा प्रश्नही विशेषणांनीच उभा केलाय. 'आदर्श पती' लिहिलंत की तुम्हाला वाद घालावासा वाटणार. 'आईला अर्धांगवायू झाल्यावर बाबा वेणी घालायला शिकले' हे लिहिलंत तर त्यात वाद कसला? ते घडलं आहे, तुम्ही पाहिलं आहे. सोळा पानांत एकही विशेषण न घालता लिहून बघा. खोटं लिहिल्याची टोचणी बरीच कमी होईल आणि बाबाही जास्त दिसतील.

आपल्या श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावं उच्चारतात. वसु, रुद्र, आदित्य म्हणून त्यांना पाचारण करतात. चौथ्या पिढीचं नाव त्या उच्चारातून गळतं. आपल्यापैकी कितीजणांना पणजोबांचं नाव येतं, आणि येत असलं तरी ते दिवसभर काय करायचे हे कुठे ठाऊक असतं? विधीने नाव जपलं, बाकीचं काम घरच्यांवर सोडलं. तुमच्या मुलीच्या नातवंडांना उद्या ही स्मरणिका सापडली तर त्यांना 'प्रेमळ' वाचून काय कळणार? बाबा विणाई खात्यात किती साचे, म्हणजे माग, सांभाळायचे, कुठल्या पाळीला जायचे, गाळ्यात गाववाले किती जण राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे का, जेवण कुणाच्या खाणावळीत होतं, कायम होते की आधी काही वर्षं बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काढली, भोंगा ऐकून किती मिनिटांत गेटवर पोचायचे, हे लिहा. यातलं पुष्कळसं तुम्हालाही माहीत नसेल. त्यांच्या पाळीतला, त्यांच्या खोलीतला एखादा सोबती अजून असेल तर या आठवड्यात त्याला भेटा, फोनवर काम भागवू नका. गिरणगावात त्या पिढीची माणसं आता थोडी उरली आहेत.

आणि आई. तुम्ही गृहीत धरलंय की आईला फक्त चांगलं आठवतं आणि तिला वाईट ऐकायचं नाही. मला शंका आहे. नवरा वर्षातून वीस-पंचवीस दिवस दिसणार, बाकी मनीऑर्डर, अशी तिची उमेदीची वर्षं गेली. मग तो घरी आला तो असा. मारताना ती मध्ये पडली असेल, तिलाही लागलं असेल. 'वायट लिवू नको' म्हणणाऱ्या बाईला ते वाईट काय, हे तुमच्याइतकंच माहीत आहे. त्या माणसाने शेवटची नऊ वर्षं तिला हातावर झेललं, म्हणून आता तो लोकांच्या तोंडी जाऊ नये एवढंच ती म्हणतेय. तिच्या या म्हणण्याचा मान ठेवायला हवा. पण तो ठेवायचा म्हणजे तिला काही विचारायचंच नाही, असं नव्हे.

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की आईच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरच्या कूपनांचा गठ्ठा आहे आणि तो तुम्ही कधी उघडला नाही. तो तिच्यासमोर उघडा. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी थोडी जागा असायची, तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. कोकणातल्या किती बायकांनी नवऱ्याची सगळी ख्यालीखुशाली तेवढ्याशा जागेत वाचली, आणि वाचता येत नसेल तर पोस्टमनकडून सगळ्यांदेखत वाचून घेतली. एकमेकांपासून लांब राहिलेल्या त्या दोघांचा संसार बराचसा त्या कागदांवर आहे. एकेक कूपन आईच्या हातात द्या आणि विचारा, हे आलं तेव्हा घरात काय चाललं होतं? 'बाबा कसे होते' असं विचारलंत तर ती 'बरे होते' म्हणेल आणि बोलणं संपेल. वस्तू हातात असली की माणूस बोलतो. फोनवर रेकॉर्ड करा, तिला सांगून. अर्ध्या तासाच्या वर नको, ती दमेल. मात्र त्या कागदांत तुमच्यासाठी काही माफी दडलेली असेल असं मनात धरून बसू नका. 'पैसे पाठवले, पोचल्याचं कळव, पोरांची काळजी घे' एवढंच निघेल कदाचित. तेही छापण्याजोगं आहे. एखाद्या कूपनचा फोटो, त्यांच्या अक्षरासकट, पानभर द्या.

आता तुमच्या वाट्याचं. बाबांबद्दलचं सगळं याच सोळा पानांत आलं पाहिजे असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. वर्षश्राद्धाला जेवायला येणाऱ्या मंडळींना काय द्यायचं, मुलीला काय सांगायचं आणि आपल्या वहीत काय लिहायचं हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माराबद्दल मी स्मरणिकेत लिहिणार नाही. ते खोटं आहे म्हणून किंवा लाज वाटते म्हणून नव्हे. बुंदीचा लाडू खाता खाता कुणी ते पान उलटेल आणि पुढे चालत्या गाडीत त्यावर मत देईल, ते तुम्हालाच सहन होणार नाही. ते वहीत लिहा, सगळं, जसं आठवेल तसं. लिहिताना झोप उडाली, छाती धडधडायला लागली, तर ते एकटीने ओढत बसू नका. समुपदेशकाकडे जा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

कॉलेजच्या फॉर्मचं मात्र स्मरणिकेत यावं असं मला वाटतं. एक परिच्छेद, मुलगी म्हणून, तुमच्या नावाने. मी नमुना देते, वर्षं अंदाजाने घातली आहेत, ती दुरुस्त करा :

'१९८८ साली मी दहावी झाले. मला पुढे शिकायचं होतं. बाबांनी भावाला शिकवलं आणि मला कामाला लावलं. ते माझ्या मनात राहिलं. पुढे मी लग्नानंतर बीए झाले. २०२२ साली माझ्या मुलीच्या कॉलेजची पहिली फी बाबांनी आपल्या साठवणीतून भरली. या दोन्ही गोष्टींवर आम्ही दोघं कधी बोललो नाही.'

यात बेअब्रू कुठे आहे? आरोप नाही, सफाईही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सगळं कळेल. तुमच्या पिढीतल्या ज्या बहिणींनी, चुलतबहिणींनी असाच फॉर्म कपाटात ठेवून दिला, त्या हे वाचतील आणि तुम्हाला कोपऱ्यात गाठून काहीतरी सांगतील. भावाला मात्र हे छापायच्या आधी दाखवा. परवानगीसाठी नव्हे. त्याच्या वाट्याला जे शिक्षण आलं ते तुमच्या वाट्यातलं होतं, हे त्याने पहिल्यांदा सगळ्या पाहुण्यांमध्ये बसून वाचू नये. तो चिडला तर चिडू द्या, दोन दिवस जाऊ द्या. मग त्याला म्हणा, तूही एक परिच्छेद लिही, मुलगा म्हणून. तुला त्यांनी शिकवलं, ते कसं जमवलं, रात्रपाळीचं वॉचमनपण करून फी कशी आणली, ते तूच सांगू शकतोस. तुमच्या दोघांचे परिच्छेद शेजारी शेजारी आले की शीर्षकात राहून गेलेले वडील पुस्तकात येतील. शीर्षकाला मग नुसतं त्यांचं नाव आणि दोन वर्षं पुरतात.

मुलीचं पान आहे तसं छापा, त्यात एका अक्षराचाही बदल करू नका. तिला तुमची गोष्ट सांगायची का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. सांगा. ती सज्ञान आहे, आणि स्मरणिकेत तो परिच्छेद वाचल्यावर विचारणारच. वर्षश्राद्धाच्या धांदलीत नको, आधी सांगा. आजोबांबद्दल सांगतेय असं करून नको, स्वतःबद्दल सांगा : मला अकरावीला जायचं होतं, कुठल्या कॉलेजचा फॉर्म आणला होता, कारखान्यातला पहिला दिवस कसा होता. तिने आजोबांवर रागवावं किंवा त्यांची बाजू घ्यावी, यातलं काहीही तिच्याकडून अपेक्षू नका. तिने दोन्ही केलं तरी चालेल.

असंच काम अंगावर आलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. गेलेल्या माणसाचे आवाज फोनमध्ये असतात, व्हॉट्सअॅपवरचे निरोप असतात. ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. रिचार्ज बंद झालं की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. जुने फोटो लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाहीत. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने नावं लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. गिरणीचा पास, फंडाची स्लिप, जुनं रेशनकार्ड असले कागद रद्दीत जातात, ते आधी शोधा. तारखा माणसाच्या आठवणीपेक्षा तिथे नेमक्या मिळतात. आणि ज्यांना आपल्या वडिलांबद्दल एकही बरी गोष्ट आठवत नाही, त्यांनी हे काम घेऊ नये. 'मला जमणार नाही, दुसऱ्या कुणी लिहा' असं म्हणण्यात कसलंही पाप नाही, आणि कारण सांगायलाही तुम्ही बांधील नाही.

ताई, छापखान्यात देण्याआधी सगळा मजकूर आईला वाचून दाखवा, तुमच्या परिच्छेदासकट. तिच्या संसाराबद्दलची एखादी ओळ नको म्हणाली तर लगेच काढा, तो तिचा हक्क आहे. तुमच्या फॉर्मबद्दलची ओळ काढ म्हणाली, तर तिला शांतपणे विचारा, 'आई, त्या दिवशी तुला काय वाटलं होतं?' आणि ती बोलेपर्यंत थांबा. छापायला दोन-चार दिवस उशीर झाला तर भावाला माझं नाव सांगा.